हळद खणताना निघालेले मणी

आमच्याकडे हळद फेब्रुवारीत निघते. पाला पिवळा पडून आडवा झाला की तो कापून बांधावर टाकायचा, आठ-दहा दिवस सऱ्या उन्हात तापू द्यायच्या आणि मग टिकास घेऊन खणायला लागायचं. हळद आहे पाऊण एकरच. बेणं आईच्या माहेरचं, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावकडचं. हिंगणा तालुक्यातल्या आमच्या वावरात बाकी सगळा कापूस आणि तूर. मी नागपुरात नोकरी करतो, वावर बाबाच पाहतात. पण हळदीच्या खणणीला मी दरवर्षी चार दिवस सुटी टाकून जातो.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी हळदीची जागा बदलली. हळदीच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही, कंद सडतो. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते. वावराच्या उत्तरेला मात्र एक टेकाड होतं, पुरुषभर उंचीचंही नाही, पण पावसाचं पाणी तिथून वाहून जायचं. आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, काळात त्याच्याभोवती मोठाले काळे गोटे होते. तिथं वखर चालायचा नाही, म्हणून आबाजींनी बैलजोडी लावून ते एकेक करून ओढून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नेले. उरलेले बाबांनी ट्रॅक्टरनं काढले. गावात म्हणायचे, तिथं पूर्वी गवळी राहायचे. यापलीकडे कुणी काही विचारलं नाही, आम्हीही नाही. त्या वर्षी टेकाड थोडं सारखं करून बाबांनी तिथं हळद लावली आणि ती खरंच छान आली.

खणायला सहा बाया होत्या. त्यातल्या एका मावशी सोळा वर्षांपासून आमच्याकडे येतात. हळद खणणं हे अंगमेहनतीचं काम आहेच, पण त्याहून जास्त नजरेचं आहे. टिकास गड्ड्याला लागलं की माल गेला. मावशींच्या हातून जेठा गड्डा, म्हणजे मधला मोठा कंद, तुटलेला मी पाहिलेला नाही. त्या आधी बाजूची माती सैल करतात, मग टिकास खालून घालून अख्खं झाड उचलतात, झटकतात आणि माती हातानं चाळतात. त्या दिवशी चाळता चाळता त्या थांबल्या. मागून येणारीला म्हणाल्या, "थांब बाई, टिकास नको मारू." मग मला हाक.

"भाऊ, हे पाय. गुंजीवानी दिसते, पन गुंज नोहोय."

तळहातावर एक लाल मणी होता. गुंजेहून थोडा मोठा, आरपार छिद्र असलेला, आणि त्याच्यावर पांढऱ्या बारीक रेघा. अंगठ्यानं पुसला तर रेघ जाईना. दगडाचा मणी, आणि रेघ दगडातच मुरलेली. आम्ही दोघं त्या सरीत उकिडवे बसून माती चाळत राहिलो. अर्ध्या तासात अकरा मणी निघाले. सहा रेघांचे, पाच साधे. सोबत खापरं होती, आतून काळी आणि बाहेरून तांबडी. हातभर पलीकडे एका गड्याचं टिकास कशावर तरी लागलं आणि खण्ण असा आवाज आला.

इथं माझ्या हातून जे झालं ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यातल्या कुणाच्या वावरात असं काही निघालं तर त्यानं तसं करू नये. खाली लोखंड आहे हे कळल्यावर मी ते उपसून काढलं. गंजानं फुगलेलं, वीतभर लांब, पात्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याच्या मधोमध आडवी पट्टी गुंडाळलेली दिसत होती. मी ते उचललं, विहिरीच्या टाक्यावर नेलं आणि घासून धुतलं. मला वाटलं, स्वच्छ केलं म्हणजे ओळखू येईल. पुढं पुरातत्त्व शिकवणारे एक प्राध्यापक आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, "याच्यावरची माती कुठं आहे?" लोखंड गंजत जातं तसं त्याला चिकटलेलं लाकूड, कापड, दोरी गंजात मुरतं. लाकूड केव्हाच सडून जातं, पण त्याचा ठसा गंजावर राहतो. ती कुऱ्हाड होती. दांडा कोणत्या लाकडाचा होता, पातं कशानं बांधलं होतं, हे कदाचित त्या मातीनं सांगितलं असतं. ती माती मी नारळाच्या काथ्यानं घासून नाल्यात सोडली. हे आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी: यांच्या वावरात हंडा निघाला. रात्री धुऱ्यावर बॅटऱ्या दिसायला लागल्या. मी आणि बाबा दोन रात्री खाटा टाकून तिथंच झोपलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातला एक जण आला. खाली अजून धन आहे, त्याच्यावर राखण आहे, पूजा घालावी लागेल, खर्च तो करील, निम्मं त्याचं. आईनं त्याला चहासुद्धा दिला नाही. पोलीस पाटलांनी त्याला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा समजावून सांगितला, तसा तो गेला. गुप्तधनाच्या नावाखाली विदर्भात काय काय घडलेलं आहे हे आम्हाला माहीत आहे, म्हणून त्या माणसाची भीती मला चोरांपेक्षा जास्त वाटली होती.

आता पुढं काय करायचं? माझा एक शाळासोबती वकिली करतो. त्यानं मला जो कायदा वाचायला दिला तो १८७८ सालचा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठं, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. मग जाहीर सूचना निघते. ती निघाल्यापासून चार महिन्यांच्या आत नाही आणि सहा महिन्यांच्या पलीकडे नाही अशी एक तारीख ठरते, आणि ज्याचा कुणाचा हक्क असेल त्यानं त्या दिवशी यायचं. कुणी आलं नाही, वस्तू बेवारस ठरली, तर वाटणी. आणि वाटणीचं कलम वाचून मी ते सोबत्याला पुन्हा वाचायला लावलं. जागेचा मालक आणि सापडणारा यांच्यात वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा.

म्हणजे अर्ज मावशींच्या नावानं जायला हवा होता.

घरात यावरून जे झालं ते या सगळ्या प्रकरणातलं माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं. काकाजी, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, सातबाऱ्यावर बाबांसोबत आहेत. ते म्हणाले, "वावर आपलं, हळद आपली, रोज आपन देतो. मंग सापडलं तिले कसं?" त्यांचं म्हणणं मी वाईट ठरवत नाही. गावात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. मजूर खणतो ते मालकासाठी, हे इतकं मुरलेलं आहे की त्यावर कुणी विचारच करत नाही. वाद पैशाचा नव्हताच, कारण मण्यांची आणि गंजक्या लोखंडाची किंमत फार नाही हे तोवर कळलं होतं. प्रश्न नावाचा होता. सरकारी कागदावर आमच्या वावरातल्या वस्तूपुढं तिचं नाव, हे काकाजींना लागत होतं. मी कायदा वाचून दाखवला, तर म्हणाले, इंग्रजाचा कायदा आहे. बाबा बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मग एवढंच बोलले, "टिकास तिच्या हातात होतं."

त्यानंतर घरात विषय निघाला नाही. पण मावशींच्या घरी गेलो तर तिथं वेगळीच अडचण. त्यांना नाव नको होतं. मुलगा म्हणाला, आमच्यामागं पोलीस लावता का? मावशींनी विचारलं, "भाऊ, मले जेल त नाही ना होत?" मी खोटं बोललो नाही. सांगितलं की कळवलं नाही तर हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि ते माहीत असून मालकानं साथ दिली तर त्यालाही शिक्षा आहे. कळवलं तर काहीच होत नाही. त्यांनी रात्रभर विचार केला. सकाळी स्वतः आमच्या अंगणात येऊन म्हणाल्या, "लिवा. पन मी सांगतो तसं लिवा." मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: कोणत्या सरीत, विहिरीपासून किती पावलांवर, किती खोल, आधी काय निघालं, मग काय. टिकासाच्या पात्यापासून दांड्यावर चार बोटं, एवढी खोली. मी नंतर टेपनं मोजली, तर एक फूट दोन इंच. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. सही करायला त्यांना मिनिटभर लागलं.

अर्जाचे हेलपाटे थोडक्यात सांगतो. एका कार्यालयात तीनदा जावं लागलं, कारण दर वेळी नवा माणूस म्हणायचा हे आमच्याकडे येत नाही. पहिला अर्ज मी पोच न घेता दिला आणि तो हरवला. दुसऱ्या वेळी दोन प्रती नेल्या, एकीवर तारखेसह शिक्का मारून घेतला, तेव्हा काम पुढं सरकलं. पंचनामा झाला, मणी मोजून, वजन करून, लाखेचा शिक्का मारून पाकिटात गेले. मावशी दिवसभर सोबत होत्या. त्या दिवसाची मजुरी बाबांनी दिली. त्या घेत नव्हत्या.

प्राध्यापक आले ते मार्चच्या पहिल्या रविवारी. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी टेकाडाला तीन फेऱ्या मारल्या, खुंट्या ठोकल्या, दोरी लावली. मग म्हणाले, हे शिलावर्तुळ आहे. मोठ्या दगडांचं कडं, आत चिकणमाती आणि गोट्यांचा भराव, आणि त्या भरावाखाली माणसाचं दफन, सोबत त्याच्या वस्तू. साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीचं. नागपूरच्या चहूकडे अशी वर्तुळं पसरलेली आहेत. काटोल रोडवर जुनापाणीला तर ती शेकड्यांनी आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथली वर्तुळं एकोणिसाव्या शतकात उकरून पाहिली होती. माहुरझरीला घोड्यांची दफनं निघाली, घोड्याच्या तोंडावर चढवायच्या तांब्याच्या दागिन्यासकट. पारशिवनी तालुक्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. आणि आमच्या बाजूलाच टाकळघाट-खापा: १९६०च्या दशकाच्या शेवटी नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा टाकळघाटला लोकांची वस्ती आणि खाप्याला त्यांची दफनं अशी जोडी मिळाली. बुटीबोरीला जाताना मी टाकळघाटचा फाटा शेकडो वेळा ओलांडला असेन. तिथं विक्तुबाबांचं देवस्थान आहे एवढंच मला माहीत होतं.

मण्यांबद्दल त्यांनी सांगितलं ते मावशी कान देऊन ऐकत होत्या. तो दगड अकीक. आधी घासून, भोक पाडून मणी करायचा, मग सोडाखाराच्या लेपानं त्यावर रेघा काढायच्या आणि तापवायचा. आचेनं खार दगडात शिरतो आणि रेघ पांढरी होते, कायमची. माहुरझरीला मणी घडवायचं मोठं काम चालायचं, अर्धवट घडवलेले मणीही तिथं मिळतात. मावशी म्हणाल्या, "म्हंजे बांगड्याच्या भट्टीवानी." प्राध्यापक म्हणाले, हो, तसंच समजा.

मी विचारलं, आमचं वर्तुळ किती मोठं होतं? त्यांनी उलट विचारलं, दगड कुठं आहेत? बाबांनी धुरा दाखवला. चाळीस-पन्नास गोटे एकावर एक रचलेले. कोणता गोटा कुठं होता, कोणता उभा, कोणता आडवा, आत पायऱ्यांसारखी रचना होती की नाही, कड्याला कुठल्या दिशेला मोठे दगड होते, यातलं आता काहीच कळणार नाही. उत्तरेच्या अंगाला पाच गोटे अर्धे पुरलेले राहिले होते, त्यांची कमान धरून त्यांनी अंदाज काढला: बारा मीटरच्या आसपास. बाबा काही बोलले नाहीत. पण आबाजींनी ज्या जागी मेहनतीनं वावर साफ केलं असं आम्ही अभिमानानं सांगायचो, त्याच जागी ते उभे होते. आबाजींना दोष देता येत नाही. चार पोरं होती, पोट वावरावर होतं, आणि त्या दगडांबद्दल कुणी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी यायला हवं होतं, एवढं मात्र मला वाटतं. शाळेत हडप्पा शिकलो, मोहेंजोदडो शिकलो. वावराच्या धुऱ्यावर काय रचलेलं आहे हे चाळिशीत कळलं.

जेवायला घरी आलो. प्राध्यापक हात धुवायला अंगणात न्हाणीपाशी गेले आणि तिथंच वाकून उभे राहिले. आई ज्या दगडावर कपडे धुते तो दगड ते पाहत होते. त्याच्यावर खळगे आहेत. लहानपणी आम्ही त्यात चिंचोके ठेवून खेळायचो. आईची कायम तक्रार, साबण त्यात अडकतो. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, खळग्यांत पाणी थांबलं आणि मग आम्हाला दिसलं की ते खळगे कसेतरी पडलेले नाहीत. दोन सरळ रांगा, प्रत्येकी सात, वाटीसारखे गोल. मधून एक रेघ. जुनापाणीच्या वर्तुळातल्या दगडांवरही असे मुद्दाम कोरलेले खळगे आहेत. आईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मी यावर एवढी वर्सं मोगरी आपटली." प्राध्यापक म्हणाले, काकू, तुम्ही तो घरात ठेवलात म्हणून वाचला, धुऱ्यातला फुटला असता. आईचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शहाबादी फरशी मागवली. तो दगड आता ओसरीवर आहे.

बाबांना तो पुन्हा टेकाडावर नेऊन उभा करायचा होता. प्राध्यापकांनी नको म्हटलं. मूळ जागा माहीत नसताना उभा केला तर उद्या पाहणाऱ्याला तो तिथलाच वाटेल. त्यापेक्षा कुठून आला, कोणी आणला, कधी, हे आठवेल तेवढं लिहून ठेवा. बाबांनी वहीत लिहिलं आहे. आबाजींसोबत बैल हाकणारे एक म्हातारे गावात आहेत, त्यांना विचारून दगडांच्या जागांचा एक कच्चा नकाशाही काढला. किती खरा, सांगता येत नाही, पण म्हाताऱ्यांनी वावरात उभं राहून काठीनं दाखवलं, "इथी एक होता, म्हशीवानी."

सुनावणीची तारीख ऑगस्टमध्ये आली. कुणी हक्क सांगायला आलं नाही. अशी वस्तू सरकारला ठेवून घ्यायची असेल तर तिच्या मालाची किंमत आणि वर किमतीचा पाचवा हिस्सा द्यायचा असं कलम आहे. मालाची किंमत म्हणजे दगडाची आणि लोखंडाची. जी रक्कम आली तिच्यात मावशींच्या घरचा महिन्याचा किराणाही भरला नसता. आम्ही आमचा चौथा हिस्सा सोडला. त्या कागदावर काकाजींनीही सही केली, आणि सही करून झाल्यावर मावशींना विचारलं, बस मिळंल का, नाहीतर गाडीवर सोडतो. आईनं घरी आल्यावर विचारलं, "अजब बंगल्यात ठेवतीन का ते मनी?" अजब बंगला म्हणजे नागपूरचं जुनं सरकारी संग्रहालय; तिच्या लहानपणी खेड्यावरून कुणी नागपूरला आलं की तो दाखवायचेच. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मावशींनी तिला सांगितलं, कुठीबी ठेवो, कागदावर जागा लिवली हाय.

त्या कागदाची झेरॉक्स त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. नात सातवीत आहे, तिच्याकडून दोनदा वाचून घेतली असं मुलानं मला सांगितलं.

टेकाडावर दोरीच्या आतली हळद आम्ही त्या वर्षी खणली नाही. जमिनीतच राहिली, पावसात आपोआप फुटली. बाबा म्हणाले, राहू दे, मुळ्या वरच्यावर असतात, खाली जात नाहीत. बाकीची हळद पुन्हा जुन्या जागी गेली आणि गादीवाफे थोडे उंच केले. यंदाच्या फेब्रुवारीत खणणीला मावशी आल्या. आता त्यांच्या मागे खणणाऱ्या बाया माती दोनदा चाळतात, कुणी न सांगता. दुपारी मावशींनी एक झाड झटकलं आणि हात थांबला. आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांनी मातीतून काहीतरी उचललं, डोळ्याजवळ नेलं, उलटून पाहिलं.

"गुंज हाय," म्हणाल्या, आणि बांधावर टाकून पुढच्या झाडाला हात घातला.